'अंतर्गत बाब' आणि आपले मौन

"हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, इतरांनी त्यात पडू नये," हे वाक्य जगातील सर्व सत्ताधीशांना तोंडपाठ असते. झेंडा बदलतो, भाषा बदलते, वाक्य तेच राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बाचेलेत यांनी भारतातील कार्यकर्त्यांच्या अटकसत्राबद्दल चिंता व्यक्त केली आणि त्यात ८३ वर्षांच्या एका येशूसंघी धर्मगुरूंचा नावानिशी उल्लेख केला. तेव्हा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने हेच उत्तर अधिक सभ्य शब्दांत दिले. कायदे करणे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे, मानवी हक्कांच्या नावाखाली कायदेभंग खपवून घेता येणार नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. ते धर्मगुरू म्हणजे फादर स्टॅन स्वामी. त्यानंतर नऊ महिने पुरे होण्याच्या आतच, ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत ते न्यायालयीन कोठडीत असतानाच निवर्तले. दुसऱ्या दिवशी मंत्रालयाने पुन्हा सांगितले की, सारे काही कायद्याच्या रीतीनेच झाले.

सरकारने असे बोलावे याचे आम्हांला नवल वाटत नाही. कोणत्याही सत्तेला आरसा आवडत नाही. आम्हांला बोचते ते निराळेच. तेच वाक्य, थोडे मऊ करून, आपल्या धर्मग्रामांतूनही ऐकू येते. "बाहेरच्या लोकांनी गलका केला की त्रास आपल्याच शाळांना आणि दवाखान्यांना होतो. प्रार्थना करावी, मेणबत्ती लावावी आणि गप्प बसावे," असे सांगणारी भली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. सरकारचे वाक्य आणि हे वाक्य ही एकाच झाडाची फळे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून या दोहोंचा प्रतिवाद करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रकरण आपल्याच गावचे

फादर स्टॅन तामिळनाडूत जन्मले आणि झारखंडमधील आदिवासींत राबले. तेव्हा त्यांचे प्रकरण दूरचे, असे म्हणून पुण्याच्या कॅथोलिकांना हात झटकता येणार नाहीत. हे प्रकरण जन्मले ते आपल्या शहरात. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यासमोर एल्गार परिषद भरली. दुसऱ्या दिवशी नगर रस्त्यावरील भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला. ८ जानेवारी २०१८ रोजी विश्रामबाग पोलीस ठाण्यात परिषदेविरुद्ध फिर्याद नोंदवली गेली. पुणे पोलिसांनी त्या एका धाग्याला धरून देशभर धाडी घातल्या. जून आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अटका झाल्या व अटक झालेल्यांना येरवड्याच्या कारागृहात आणले गेले. परिषदेच्या आयोजकांत असलेले दोन निवृत्त न्यायमूर्ती, पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील, परिषद आम्ही भरवली असे जाहीरपणे सांगत राहिले. त्यांच्या सांगण्याने तपासाची दिशा बदलली नाही.

त्याच पुणे पोलिसांचे पथक २८ ऑगस्ट २०१८ रोजी आणि पुन्हा १२ जून २०१९ रोजी रांचीजवळील नामकुमच्या 'बगईचा' या संस्थेत फादर स्टॅन यांच्या खोलीची झडती घेऊन गेले. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. आपण आयुष्यात कधी भीमा कोरेगावला गेलोच नाही, असे त्यांनी अटकेपूर्वी ध्वनिचित्रफितीत सांगून ठेवले होते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जामिनाचे दार इतके अरुंद आहे की, आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले एवढ्यावर न्यायालय जामीन नाकारू शकते. २२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने तो नाकारला.

त्यांना कंपवाताचा विकार होता. हात इतके थरथरत की पेला ओठांपर्यंत नेता येत नसे. नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांनी ६ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयात अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत मागून घेतली आणि वीस दिवसांनी सांगितले की, पेला आमच्याकडे नाही. एका वृद्धाने पाणी कसे प्यावे हा प्रश्न ज्या देशात न्यायालयाच्या तारखेवर जातो, त्या देशाने जगाला 'आमच्या घरात डोकावू नका' म्हणावे, यातली विसंगती सांगायला परकीय तज्ज्ञ कशाला हवा? २१ मे २०२१ रोजी त्यांनी उच्च न्यायालयाला दूरचित्र संवादातून सांगितले की, तळोज्याला आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, जेवत होतो, लिहीत होतो. आता यांतले काही जमत नाही. सरकारी रुग्णालय नको, मला रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. जामिनाची सुनावणी चालू असतानाच तेथील डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूची वार्ता न्यायमूर्तींना दिली.

डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकन संगणकतज्ज्ञ संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. फादर स्टॅन यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे पेरली गेली होती, असे तो सांगतो. तपास यंत्रणेला असे अहवाल मान्य नाहीत. खरेखोटे ठरवायची जागा म्हणजे खटला, आणि तो उभा राहण्याआधीच आरोपी गेला. जानेवारी २०२५ मध्ये याच प्रकरणातील रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाला हेच म्हणावे लागले की, साडेसहा वर्षांहून अधिक काळ लोटूनही आरोपनिश्चिती झालेली नाही आणि साक्षीदार तर तीनशेहून अधिक आहेत. शिक्षा आधी आणि खटला मागाहून, हा क्रम कोणत्या न्यायशास्त्रात बसतो?

'अंतर्गत बाब' कोणी, कधी म्हटले?

आता त्या वाक्याकडे वळू. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील वर्णभेदी कायद्यांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तक्रार नेली ती कोणी? भारताने. आपल्या प्रतिनिधी मंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. 'ही आमची अंतर्गत बाब आहे,' असे तेव्हा म्हणाले ते गोरे आफ्रिकी सरकार. भारताने ते मानले नाही. त्या देशाशी व्यापारही तोडला. आज आपण ज्याला हस्तक्षेप म्हणतो, त्याची वाट त्या जागतिक सभागृहात प्रथम पाडणाऱ्यांत आपणच होतो. दोन वर्षांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा सिद्ध झाला, तेव्हा पहिल्या कलमातील 'पुरुष' या अर्थाचा शब्द काढून तेथे 'सर्व मानव' घालायला लावणाऱ्या हंसा मेहता याही भारताच्याच प्रतिनिधी.

दुसरे उदाहरण तर पुणेकरांच्या अंगणातले आहे. गोवा हा पोर्तुगालचा सागरापलीकडील प्रांत आहे, तेव्हा तो आमचा घरचा प्रश्न, असे सालाझार सांगत असे. पुण्याने ते ऐकून घेतले काय? गोवा विमोचन सहायक समिती याच शहरात स्थापन झाली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्यासारखे पुणेकर सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, मार खाल्ला, आग्वादच्या तुरुंगात पडले. गोव्याच्या कॅथोलिक घरात जन्मलेल्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना तर सालाझारच्या राजवटीने थेट पोर्तुगालच्या पेनीश किल्ल्यात नेऊन डांबले होते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याला पारतंत्र्यातील प्रदेश ठरवून सालाझारचा 'घरचा प्रश्न' निकालात काढला, तेव्हा आनंद झालेल्यांत आपणही होतो.

तिसरे उदाहरण आणीबाणीचे. २५ जून १९७५ नंतर येरवड्याच्या भिंतीआड सर्व रंगांचे विरोधक एकत्र आले. समाजवादी होते, जनसंघाचे होते, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरसही तेथेच स्थानबद्ध होते. त्या काळात जनसंघाचे खासदार सुब्रह्मण्यम स्वामी परदेशांत फिरून भारतातील दडपशाहीची कहाणी सांगत होते. बंगळूरच्या सेमिनरीत काही काळ शिकलेले जॉर्ज फर्नांडिस १० जून १९७६ रोजी कोलकात्यात पकडले गेले, तेव्हा त्यांच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून विली ब्रांट, ब्रुनो क्रायस्की आणि ओलोफ पाल्मे या युरोपीय नेत्यांनी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला. यात कोणाला देशद्रोह दिसला नाही, आणि आमच्या मते तो नव्हताच. कैद्याच्या वतीने जगाच्या दारावर थाप मारणे हा तेव्हा देशप्रेमाचा भाग होता. मग तीच थाप आज पडली की ती परकीय कारस्थान कशी ठरते? तुरुंगात कोण आहे यावरून तत्त्व बदलत असेल, तर ते तत्त्व नव्हे, ती सोय.

याच येरवड्यातून सुटून आलेल्यांचा पक्ष सत्तेवर असताना, एप्रिल १९७९ मध्ये, भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. कोणी बंदूक रोखली नव्हती. आपण होऊन सही केली. करारावर सही केलेल्या माणसाला शेजाऱ्याने त्या कराराची आठवण दिली, तर त्यास घरात घुसणे म्हणत नाहीत. छळविरोधी करारावर मात्र १९९७ मध्ये सही करूनही आपण त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही, हेही येथे नमूद करावे लागते.

आणि आपल्या धर्मग्रामांना आमचा एक साधा प्रश्न आहे. पाकिस्तानातील आसिया बीबी या कॅथोलिक मातेला २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, तेव्हा जगभरच्या ख्रिस्तसभेने प्रार्थना केल्या, परमगुरुस्वामींनी आवाहने केली. २०१८ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटली तेव्हा आपण देवाचे आभार मानले. ती पाकिस्तानची अंतर्गत बाब आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणाले होते काय?

बाहेरचा दबाव का तोकडा पडला?

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. जगाने आवाज उठवून काय साधले? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मेरी लॉलर यांनी लिहिले, युरोपीय संघाच्या मानवी हक्क प्रतिनिधींनी विषय वारंवार काढला, आणि तरी फादर स्टॅन गेलेच. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने त्यांची कैद मनमानी ठरवली, तीही त्यांच्या मृत्यूनंतर. आक्षेप खरा आहे. त्यात आम्ही आणखी भर घालतो. ८ मे २०२१ रोजी, फादर स्टॅन तळोज्यात खंगत असताना, युरोपीय संघ आणि भारत यांच्या नेत्यांनी मुक्त व्यापाराची रखडलेली बोलणी पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. मानवी हक्कांचा उल्लेख झाला, पण तागडीत व्यापार जड होता. बलाढ्य राष्ट्रांचा कळवळा त्यांच्या बाजारपेठेच्या कुंपणापाशी थांबतो, हे आम्ही नाकारत नाही.

म्हणूनच बाहेरच्या दबावाचे बळ कोठून येते, हे नीट समजून घेतले पाहिजे. एल साल्वाडोर या देशाचे उदाहरण घ्या. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी तेथील लष्कराच्या सैनिकांनी विद्यापीठाच्या आवारात सहा येशूसंघी धर्मगुरूंना, त्यांच्या घरी काम करणाऱ्या एका बाईंना आणि त्या बाईंच्या किशोरवयीन मुलीला गोळ्या घातल्या. त्या लष्कराला पैसा पुरवत होती ती अमेरिकाच. पण या हत्याकांडानंतर अमेरिकन काँग्रेसचे सदस्य जो मोकली यांनी चौकशी केली, १९९० मध्ये काँग्रेसने त्या देशाची लष्करी मदत निम्म्याने तोडण्याचा निर्णय केला आणि जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे फादर स्टॅन यांच्या अटकेपूर्वी महिनाभर, स्पेनमधील न्यायालयाने या हत्यांबद्दल एका माजी कर्नलला १३३ वर्षांची शिक्षा ठोठावली. हे कसे घडले? वॉशिंग्टनला एकाएकी पाझर फुटला म्हणून नव्हे. सान साल्वाडोरच्या आर्चबिशपांच्या कचेरीत कित्येक वर्षे एक साधे काम चालू होते. मारल्या गेलेल्या, पळवल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि तारीख तेथे लिहून ठेवली जात होती. बाहेरून आलेल्यांना हाती धरायला ती नोंद होती आणि बोलायला तयार असलेली माणसे होती. बाहेरचा आवाज हा आतल्या हाकेचा पडसाद असतो. हाक नसेल, तर डोंगर तरी काय परत देणार?

आपल्या आणीबाणीचाही धडा हाच. युरोपातील नेत्यांच्या शब्दाला वजन आले ते येथे माणसे बोलत होती म्हणून. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, समोर सत्तेतील मंडळी बसलेली असताना, अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. त्यांच्यापाशी शाळा नव्हत्या, ट्रस्ट नव्हते, परदेशी निधीचा परवाना नव्हता. कदाचित म्हणूनच भीतीही नव्हती.

फादर स्टॅन यांचा अपराध, असलाच तर, हाच होता. नक्षलवादी ठरवून तुरुंगात टाकलेल्या झारखंडच्या आदिवासी तरुणांकडे ते गेले, त्यांची नावे आणि त्यांच्या हकिकती त्यांनी लिहून काढल्या, २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला आणि अशा हजारो कच्च्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात याचिका घातली. नोंद ठेवणारा माणूस सत्तेला घोषणा देणाऱ्यापेक्षा अधिक सलतो.

मौनाने कोण वाचले?

आता आपल्या सावध बंधुभगिनींच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांची भीती पोकळ नाही. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये अधिक कडक झाला, कितीतरी संस्थांची नोंदणी गेली, अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायद्यांचा बडगा उगारला गेला. शाळा चालवणाऱ्या सिस्टरांना आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या फादरांना हे रोजचे ओझे आहे. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु मौन हे कवच आहे, हा त्यांचा हिशेब चुकीचा आहे. मदर तेरेसांच्या भगिनींनी कधी राजकारणावर शब्द काढला होता? तरीही डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन नाताळच्या दिवशी, त्यांच्या परदेशी निधीच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. देशात आणि जगात बोभाटा झाला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परवाना परत मिळाला. मौनाने त्यांना वाचवले नाही. बोलणारे त्यांच्या कामी आले.

शिवाय आपल्या धर्मग्रंथाची साक्ष काढायची तर ती कोणत्या बाजूने पडते? देवाला न भिणाऱ्या आणि माणसाला न जुमानणाऱ्या न्यायाधीशाची गोष्ट प्रभू येशूने सांगितली. विधवेने त्याला न्याय द्यायला लावले ते आर्जवाने नव्हे, दारात रोज उभे राहून. तो न्यायी झाला नाही, तो कंटाळला. दबाव याचा अर्थ इतकाच आहे. संत पौलाला फिलिप्पीच्या अधिकाऱ्यांनी चौकशीविना फटके मारले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप निघून जायला सांगितले, तेव्हा तो गेला नाही. आपण नागरिक आहोत याची त्याने त्यांना आठवण दिली आणि त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे असा हट्ट धरला. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. नागरिकत्वाचा हक्क सांगणे त्याला श्रद्धेशी विसंगत वाटले नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेरिस' या विश्वपत्रात मानवी हक्कांना देवदत्त प्रतिष्ठेच्या पायावर उभे केले. त्यानंतर तरी हा वाद आपल्यात उरायला नको होता.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागेल. फादर स्टॅन यांच्यासाठी आपल्या चर्चमधून मिस्सा झाल्या, कारण ते धर्मगुरू होते. पण त्याच प्रकरणात आणखी पंधरा जण होते. अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्सालविस यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला, तोवर त्यांची जवळजवळ पाच वर्षे गजाआड गेली होती. महेश राऊत, शोमा सेन, सुरेंद्र गडलिंग ही नावे आपल्या किती वेदींपाशी उच्चारली गेली? जो समाज फक्त स्वतःच्या माणसासाठी न्याय मागतो, त्याची मागणी जगाला न्यायाची वाटत नाही. ती जातभाईची वाटते. फादर स्टॅन स्वतः तसे नव्हते. ज्यांच्यासाठी ते झिजले त्यांतले कितीतरी ख्रिस्ती नव्हते.

मग करायचे काय? परदेशी दूतावासांपुढे हात पसरावेत असे आमचे म्हणणे नाही. पुण्याच्या नगर रस्त्यावर आपल्या सेमिनऱ्या आहेत, जवळच येरवड्याचे कारागृह आहे आणि हाच रस्ता पुढे भीमा कोरेगावला जातो. भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. त्यांचा अपराध अजून सिद्ध व्हायचा आहे. आपल्यात वकील आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी आहेत, कारागृहात सेवेला जाणारे स्वयंसेवक आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने निदान एक वही उघडावी. कोण किती वर्षे खटल्याविना आत आहे, कोणाला वकील नाही, कोणाच्या घरी कमावणारे कोणी नाही, हे त्यात लिहावे. तो कैदी कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. ज्याचा जामीन मंजूर होऊनही हमीच्या रकमेअभावी सुटका अडली आहे, त्याच्यासाठी पैसे उभे करावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, आमदार-खासदारांना, मानवी हक्क आयोगाला सहीनिशी पत्रे लिहावीत. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावीत. रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत या माणसांना नावाने जागा द्यावी. यांतले एकही काम बेकायदा नाही, आणि एकासाठीही परदेशी पैसा लागत नाही.

असे झाले, तर उद्या कोणी जिनिव्हाहून किंवा ब्रुसेल्सहून प्रश्न विचारील तेव्हा त्यांच्या हाती आपली वही असेल आणि सरकारला ती परकीयांची कागदपत्रे म्हणून भिरकावता येणार नाही. कारण तिच्यातील प्रत्येक ओळ या देशाच्या नागरिकाने, या देशाच्या नागरिकासाठी लिहिलेली असेल. अंतर्गत बाब म्हणतात ती हीच. ती आपली आहे, म्हणूनच तिच्याविषयी पहिल्याने बोलण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.